बुरशी मारण्याचे पुण्य

तूर फुलोऱ्यात आली की ओळीतले एखादे झाड मध्येच मान टाकते. पाणी कमी पडले म्हणावे तर शेजारची झाडे टवटवीत असतात. बुंध्यापासून वर काळपट-जांभळा पट्टा चढलेला दिसतो आणि खोड उभे चिरले तर आतले लाकूड तपकिरी पडलेले असते. हा मर रोग. पुसा येथे सरकारी कवकशास्त्रज्ञ म्हणून काम करणाऱ्या एडविन बटलर यांनी १९१० मध्ये या रोगाच्या बुरशीला फ्युजेरियम उडम हे नाव दिले. हरभऱ्यावर तिची भावकीतली फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम हेच काम करते : मुळातून शिरते, पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवते, आणि हरभरा पेरला नाही तरी जमिनीत सहा वर्षांपर्यंत तग धरते. कृषी सेवा केंद्रात यावर दोन तऱ्हेचा माल मिळतो. एकीकडे कार्बेन्डाझिम, थायरम. दुसरीकडे निंबोळी अर्क, दशपर्णी, लसणाचे आणि करंजाचे काढे. पहिल्या मालाची जाहिरात गुणाची असते, दुसऱ्याची पुण्याची. तो विषमुक्त असतो, सात्त्विक असतो, अलीकडे तर अहिंसकही असतो. बुरशी दोन्हींनी मरावी अशीच अपेक्षा असते. मग एका मरणाला हिंसा आणि दुसऱ्याला अहिंसा म्हणायचे ते कशाच्या जोरावर? शेतीशास्त्राने हा प्रश्न आपला मानलेला नाही आणि धर्मचर्चेने तो शेतापर्यंत नेलेला नाही. तो दोन्हीकडून अर्धवट सुटला आहे, म्हणूनच तो विचारण्याजोगा आहे.

सर्वांत सोपे उत्तर असे की वनस्पतीतून आलेले ते निसर्गाचे, आणि निसर्गाचे ते निर्दोष. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याचा ‘नेचर’ हा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याने या समजुतीची जी उलटतपासणी केली ती अजून शिळी झालेली नाही. निसर्ग म्हणजे जे जे आहे ते सगळे, असे धरले तर कारखान्यातले कार्बेन्डाझिमही निसर्गातच मोडते, कारण रसायनाचे नियम मोडून ते कुणी बनवलेले नाही. आणि निसर्ग म्हणजे माणसाचा हात न लागलेले, असे धरले तर निंबोळ्या वेचून, वाळवून, कुटून, रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून पंपात भरलेले पाणी नैसर्गिक कसे? पण तर्काची ही कसरत बाजूला ठेवली तरी कडधान्यांच्या कुळातच याचे पुरावे पडले आहेत. रोटेनोन हे विष शिंबावर्गीय वनस्पतींच्या मुळांतून मिळते. म्हणजे तुरी-हरभऱ्याच्याच गोत्रातल्या झाडांतून. ते पाण्यात कालवून मासे मारण्याची रीत जुनी आहे. पुढे कीडनाशक म्हणून ते वापरात आले, आणि सेंद्रिय शेतीतही दीर्घकाळ चालले, कारण ते झाडाचे होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत रोटेनोन दिलेल्या उंदरांमध्ये कंपवातासारखी लक्षणे दिसली. युरोपात त्याचा वापर बंद झाला. उलट बाजूला स्ट्रोबिल्युरिन पाहा. पाइनच्या शंकूवर उगवणाऱ्या एका छोट्या छत्रीतून आंके आणि स्टेग्लिश या जर्मन शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये ते वेगळे केले. ती छत्री आपल्या वाट्याच्या अन्नावर दुसऱ्या बुरशा येऊ नयेत म्हणून ते बनवते. त्याच रेणूच्या धर्तीवर कारखान्यांनी अॅझोक्सिस्ट्रोबिनसारखी बुरशीनाशके घडवली, आणि आज ती रासायनिक म्हणून ओळखली जातात. जन्म कुठे झाला यावर चारित्र्य ठरवण्याची सवय माणसांच्या बाबतीत आपण निदान तोंडाने तरी सोडली आहे. रेणूंच्या बाबतीत ती निर्धास्तपणे चालू आहे.

भुईमुगाची गोष्ट याहून बोचरी आहे. १९६० साली ब्रिटनमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले, आणि शोध घेता घेता बोट ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीकडे गेले. पेंडीत वाढलेल्या अॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने बनवलेले अफ्लाटॉक्सिन हे त्याचे कारण होते. ते यकृताचा कर्करोग घडवते हे आज निर्विवाद आहे. त्या विषाला कारखाना लागला नाही, पेटंट लागले नाही. ओल, ऊब आणि शेंगा पुरल्या. तेव्हा बुरशीला हात न लावणे म्हणजे निसर्गाच्या बाजूने उभे राहणे आणि म्हणून सुरक्षित, असेही म्हणता येत नाही. निसर्ग या वादात साक्षीदार म्हणून चालेल, न्यायाधीश म्हणून चालणार नाही.

खुद्द झाडाला विचारले तर ते काय सांगेल? हरभऱ्याची पाने आंब स्रवतात. थंडीतल्या पहाटे पिकावर फडके फिरवून ती गोळा करायची आणि पोटदुखीवर ठेवायची ही पद्धत आयुर्वेदात चणकाम्ल या नावाने नोंदली आहे. त्या आंबेत मॅलिक आणि ऑक्सॅलिक आम्ले असतात. बुरशी आत घुसली की हरभरा मेडिकार्पिन आणि माकियाइन ही द्रव्ये तयार करतो. वाटाण्यात याच जातीचे पिसॅटिन असते. झाडाने रोगाला उत्तर म्हणून बनवलेले द्रव्य शुद्ध रूपात वेगळे करण्यात पहिले यश आले ते या पिसॅटिनच्याच बाबतीत, १९६० मध्ये, ऑस्ट्रेलियात क्रुइकशँक आणि पेरिन यांना. गंमत अशी की वाटाण्याची मुळे कुजवणाऱ्या फ्युजेरियमने पिसॅटिन निकामी करणारे विकर आधीच कमावलेले आहे. म्हणजे झाड विष बनवते, बुरशी उतारा बनवते, आणि हे माणूस शेतात येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. दुसऱ्या बाजूला याच कडधान्यांची मुळे मायकोरायझा नावाच्या बुरशांशी सोयरीक करून स्फुरद मिळवतात. बुरशी ही शत्रूची जात नाही. तीत शत्रूही आहेत, सोयरेही आहेत. या सगळ्यातून ‘झाडही मारते, म्हणून आपण मारावे’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे, कारण निसर्ग निर्दोष आहे म्हणून त्याचे अनुकरण करा हे म्हणणे जितके फोल, तितकेच निसर्ग क्रूर आहे म्हणून क्रूर व्हा हेही. आपल्याला माप हवे आहे, आणि ते निसर्गाकडून मिळणार नाही. ते माणसानेच आणायचे आहे.

असे माप आपल्याकडे ज्यांनी सर्वांत कठोरपणे घडवले ते जैन आचार्य. त्यांच्याकडे जाण्याचे कारण श्रद्धा नव्हे, त्यांची प्रश्नाला भिडण्याची तयारी आहे. शेवाळ-बुरशीसारख्या सृष्टीला त्यांनी एकेंद्रिय जीवांत धरले. एकाच देहात अनंत जीव नांदतात असे मानले. सूक्ष्मदर्शकाच्या आधीचे हे वर्गीकरण आज शास्त्र म्हणून स्वीकारायचे कारण नाही. पण बुरशी हीसुद्धा हिशेबात धरायची बाब आहे, हे त्यांनी ज्या गांभीर्याने घेतले तसे फारच थोड्यांनी घेतले. आणि हे सगळे त्यांनी शेती न करणाऱ्यांसाठीच सांगितले असेही नाही. पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांनी लोकांना शिकवलेल्या सहा उपजीविकांत कृषी आहे. सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात दिगंबर जैन समाज पिढ्यानपिढ्या कुळवावर आणि नांगरावर जगत आला आहे. जैन म्हणजे पेढीवरचा व्यापारी, ही उत्तरेकडची प्रतिमा कृष्णाकाठी लागू पडत नाही. तेव्हा नांगराच्या फाळाखाली गांडूळ तुटते त्याचे काय, हा प्रश्न त्यांच्या धर्माला रोजचाच होता. दहाव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, सोमदेवसूरींनी ९५९ साली पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ या ग्रंथात याचे जे उत्तर दिले ते फार धारदार आहे. ते शेतकरी आणि कोळी या दोघांना शेजारी उभे करतात. शेतकऱ्याच्या हातून असंख्य जीव मरतात, तरी तो पापी ठरत नाही. कोळ्याच्या जाळ्यात दिवसभरात एकही मासा आला नाही तरी तो दोषी ठरतो. कारण कोळ्याचे चित्त मरणावर लागलेले असते, शेतकऱ्याचे धान्यावर. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या येते तिचाही रोख हाच आहे : जीव जाणे एवढ्याने हिंसा होत नाही, प्रमादाने, म्हणजे बेसावध आणि कषायग्रस्त (राग-लोभासारख्या विकारांनी ग्रासलेल्या) वागण्याने जीव जाणे ही हिंसा. (कोळ्यावर यात अन्याय होतो हे खरे. त्याचेही चित्त घरच्या चुलीवर असू शकते. पण उदाहरण ज्या भेदासाठी योजले आहे तो भेद खोटा नाही.)

आता हे माप पंप पाठीवर घेतलेल्या माणसाला लावून पाहू. नांगरणारा शेतकरी मारण्यासाठी नांगरत नाही. फवारणारा मात्र मारण्यासाठीच फवारतो. मर रोगावर आळवणी करताना किंवा भुरीवर फवारा मारताना ‘यातून काही जीव मरतील, इलाज नाही’ अशी मनाची ठेवण नसते. ते मरावेत हाच हेतू असतो, आणि मेले नाहीत तर पैसे फुकट गेल्याची हळहळ असते. सोमदेवांच्या भाषेत सांगायचे तर फवारणीच्या दिवशी शेतकरी कोळी होतो. आणि इथेच माझा मुख्य मुद्दा आहे : पंपात कार्बेन्डाझिम आहे की दशपर्णी, याने या रूपांतरात तिळाचाही फरक पडत नाही. चित्त दोन्ही वेळा एकाच ठिकाणी लागलेले असते. वनस्पतिजन्य औषध अहिंसक आहे हा दावा हिंसेला वस्तूचा गुण समजतो, आणि अहिंसेचा विचार ज्यांनी खोलवर केला त्यांच्या लेखी ती करणाऱ्याच्या अवधानाची अवस्था आहे. यावर जैन परंपरेतूनच एक तोड सुचवली जाईल. गृहस्थाला संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली, हिंसा वर्ज्य असली तरी आरंभी (घरकामातली), उद्योगी (उपजीविकेतली) आणि विरोधी (बचावातली) हिंसा पूर्णपणे टाळणे त्याला शक्य नाही असे जैन आचार्य मानतात. आणि पिकावर चालून आलेली बुरशी ही तर आक्रमकच, तेव्हा तिचा प्रतिकार विरोधी हिंसेत बसतो. बसतो, पण मग कार्बेन्डाझिमही बसते. ही सवलत अर्काला देऊन रसायनाला नाकारता येत नाही. शिवाय आक्रमक कोण, हेही इतके सरळ नाही. एकाच वाणाची तूर वर्षामागून वर्षे त्याच जमिनीत दाटीने पेरली, तर बुरशीला आपणच आमंत्रण दिलेले असते. पाहुण्याला हाताला धरून पाटावर बसवायचे आणि मग तो जेवतो म्हणून त्याच्यावर खटला भरायचा, असा हा न्याय होतो.

मग वनस्पतीच्या साह्याने बुरशीला आवरण्याची कुठली रीत या मापात उतरते? माझ्या मते एक तरी नक्की उतरते, आणि ती बाटलीत मिळत नाही. तुरीच्या जोडीला ज्वारी पेरण्याची पद्धत दख्खनच्या काळ्या रानात जुनी आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेत १९८० च्या दशकात यावर पद्धतशीर प्रयोग झाले. सलग तुरीपेक्षा ज्वारीबरोबर घेतलेल्या तुरीत मर लक्षणीय कमी आढळली. या कामात यशवंत लक्ष्मण नेने हे रोगशास्त्रज्ञ होते, ज्यांची उमर कडधान्यांच्या रोगांमागे गेली. ज्वारी बुरशीला शोधून मारत नाही. तुरीची मुळे एकमेकांपासून दूर पडतात, मध्ये परके मूळ येते, त्या मुळाच्या स्रावांत बुरशीला सोयीचे वातावरण राहत नाही, आणि रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्याची वाट अडते. बुरशी जमिनीत असते, पण तिचे पीक येत नाही. हे वनस्पतिजन्य नियंत्रणच आहे. शब्दाच्या सर्वांत पूर्ण अर्थाने. फरक एवढाच की यात झाडाचा अर्क काढलेला नाही, झाडालाच शेजारी बसवले आहे. आणि इथे शेतकऱ्याचे चित्त पुन्हा धान्यावर येते. तो ज्वारी पेरतो ती भाकरीसाठी आणि कडब्यासाठी. सोमदेवांच्या दृष्टांतातला शेतकरी त्याला परत मिळतो.

हा शब्दच्छल आहे असे कुणी म्हणेल, आणि त्या म्हणण्यात दम आहे. ज्वारीमुळे बुरशीची उपासमार होते हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. ठाऊक असूनही तो ज्वारी पेरतो. मग ‘मी तर फक्त भाकरीसाठी पेरली’ ही सबब नव्हे काय? उपाशी मारणे आणि विष घालणे यांत मेलेल्याच्या बाजूने काय फरक? बुरशीच्या बाजूने पाहिले तर, कबूल, फारसा नाही. पण हिंसेचा विचार एकट्या बळीवर थांबत नाही. विषाचा फवारा ज्याच्यावर नेम धरला त्याच्यापुरता राहत नाही. तो मायकोरायझावर पडतो, मुळांच्या गाठींतल्या रायझोबियमपर्यंत पोहोचतो, फवारणाऱ्याच्या फुप्फुसात जातो, ओढ्यात उतरतो. ज्वारीच्या ओळीचा परिणाम त्या रोगाच्या फैलावापुरता असतो. दुसरे असे की यात कायमच्या विजयाची भाषा नाही. बुरशी संपवायची नाही, तिच्याबरोबर त्याच जमिनीत राहायचे आहे, हे ज्वारी पेरणाऱ्याने गृहीत धरलेले असते. निर्दाळणाची इच्छा आणि आवर घालण्याची इच्छा या मनाच्या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि दुसरीत पहिलीपेक्षा कषाय कमी आहे एवढे तरी म्हणता येईल. रोगप्रतिकारक वाणांबद्दलही असेच. राहुरीचे विजय आणि दिग्विजय हे हरभऱ्याचे वाण, बदनापूरचे तुरीचे वाण, हे सगळे माणसाच्या कृत्रिम निवडीचे फळ आहे. तरी त्यांच्यातला प्रतिकार जिथे बुरशी शिरेल तिथेच आणि शिरेल तेव्हाच जागा होतो. झाड असे करते म्हणून ते योग्य, असे मी म्हणत नाही. अपाय शक्य तितका थोडा असावा हे मूल्य आपण बाहेरून आणले, आणि त्या मूल्याच्या कसोटीला हा उपाय उतरतो, इतकेच.

अर्काच्या बाजूचा सर्वांत वजनदार आक्षेप अजून राहिला आहे. तत्त्वचर्चा कितीही करा, तो म्हणतो, पण २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक माणसे विषबाधेने दगावली. निंबोळी अर्काने कुणी मेल्याचे ऐकले आहे का? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. निंबोळीतली द्रव्ये उन्हात लवकर विघटित होतात, मातीत साठत नाहीत, शंभर लिटर पाण्यात पाच किलो निंबोळ्यांचा अर्क फवारणारी बाई संध्याकाळी घरी जाऊन भाकऱ्या थापू शकते. हा मोठा गुण आहे. पण तो लवकर विरून जाण्याचा गुण आहे, झाडातून आल्याचा नव्हे. झाडातूनच आलेल्या तंबाखूचे पाहा. नैसर्गिक शेतीच्या ‘अग्निअस्त्र’ नावाच्या काढ्यात तंबाखू उकळून घालतात. तंबाखूतले निकोटिन कातडीतून शरीरात जाते. ओली पाने तोडणाऱ्या मजुरांना त्यानेच मळमळ, चक्कर, उलट्या होतात. हातमोजे न घालता, तोंडाला फडके न बांधता ते ढवळले जाते, कारण ते ‘आपले’ असते. विषावर विष असे लिहिलेले नसले की हात सैल पडतो, आणि प्रमाद म्हणतात तो हाच. आणखी एक अवघड हिशेब मांडायला हवा. हरभऱ्याला हेक्टरी साठ-सत्तर किलो बी लागते. किलोला एक ग्रॅमप्रमाणे बीजप्रक्रिया केली तर हेक्टरी साठ-सत्तर ग्रॅम कार्बेन्डाझिम पुरते, आणि ते बियाभोवती राहते. ते निर्धोक नाही; युरोपीय संघाने त्याची मान्यता संपू दिली, आणि जमिनीतल्या ट्रायकोडर्मासारख्या उपकारक बुरशीलाही ते मारक आहे. तरी त्याची तुलना शेतभर शेकडो लिटर तंबाखूचा काढा मारण्याशी केली तर पारडे कुठे झुकेल हे आधी ठरवून टाकता येत नाही. तोलून पाहावे लागते. आणि अर्कांबद्दलचे बरेचसे आशादायक पुरावे प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीतले असतात, जिथे बुरशीच्या अन्नातच लसूण किंवा कडुनिंब कालवलेला असतो. शेतातल्या मातीत तो अर्क पातळ होतो, मातीच्या कणांना चिकटतो, जंतू त्याला खाऊन टाकतात, आणि मूळभर पसरलेल्या फ्युजेरियमपर्यंत फारसा पोहोचतच नाही. पानांवरच्या भुरीवर निंबोळी तेल काम करते. मुळातल्या मरीवर त्याच विश्वासाने ते ओतणे म्हणजे पुण्याच्या भरवशावर पीक सोडणे होय.

पण आपल्या पूर्वजांना हे सगळे माहीत होते, असे एक पालुपद या चर्चेत नेहमी येते. पूर्वजांना बरेच माहीत होते, पण आपण समजतो ते नव्हे. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या ग्रंथाचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातून मिळाले आणि १९९६ मध्ये अनुवादासह प्रसिद्ध झाले, आणि ते घडवून आणणारे नेने हेच, ज्यांनी तुरीच्या मरीवर काम केले होते. त्या ग्रंथात झाडांच्या रोगांची वात, पित्त, कफ अशी विभागणी आहे. वावडिंग, मोहरी, तूप, दूध यांचे उपचार आहेत. आणि कुणपजल आहे : प्राण्यांचे मांस, चरबी, मज्जा उकळून, मुरवून केलेले झाडांचे खाद्य. प्राचीन ते सात्त्विक, अशा समीकरणाची तिथेच वासलात लागते. परंपरा हा अनुभवाचा साठा आहे. तो पुरावा म्हणून मोलाचा आहे, पण निकाल म्हणून नाही. हा भेद कडुनिंबाच्या खटल्यात फार नेमका उघड झाला. निंबोळी तेलाने पिकांवरील बुरशी आटोक्यात आणण्याच्या पद्धतीवर अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये पेटंट दिले. वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या ग्रीन पक्षाच्या माग्दा आल्वूट आणि सेंद्रिय शेतीचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी त्याला आव्हान दिले. २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. म्युनिकमधल्या त्या सुनावणीत महत्त्वाची ठरली ती महाराष्ट्रातल्या एका उद्योजकाची साक्ष, की पेटंटच्या अर्जाआधीच आपण असे तेल काढून पिकांवर त्याचे प्रयोग केले होते. कडुनिंब पवित्र आहे, गुढीला बांधतात, हा मुद्दा तिथे टिकणारा नव्हता. कुणी, केव्हा, कसे तेल काढले आणि पिकावर त्याचे काय झाले, हे टिकले. परंपरेचा खरा सन्मान तिची अशी झडती घेण्यात आहे, आणि धर्मपरंपरेलाही हेच लागू आहे.

यावर साधी माणसे विचारतील, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे, की दोन एकर तुरीवर वर्ष काढणाऱ्याला बुरशीच्या जिवाचे तत्त्वज्ञान ऐकवणे ही चैन नव्हे काय? पोट भरलेल्यांची अहिंसा उपाशी माणसाच्या माथी मारण्याचा प्रकार नव्हे काय? इथे जैन विचारातली एक अडचणही कबूल करायला हवी. मुनी शेती करत नाही, चूलही पेटवत नाही. श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थ अनुयायाच्या, घरचा आहार घेतो. त्याच्या महाव्रताची निर्मळता श्रावकाच्या आरंभी हिंसेवर उभी असते, आणि ही टीका नवी नाही. पण त्याच परंपरेने गृहस्थासाठी जे व्रत सांगितले ते निर्मळतेचे नाही, मर्यादेचे आहे. ‘उपासकदशांग’ या आगमात आनंद नावाच्या धनाढ्य गृहस्थाची कथा येते. तो महावीरांकडून व्रते घेतो आणि नांगर सोडत नाही; पाचशे नांगरांपुरती जमीन, यापुढे नाही, अशी हद्द घालतो. पाचशे नांगर ही काही गरिबी नव्हे, आणि आजच्या वाचकाला त्यात हसूही येईल. पण तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. किती मारलेस यापेक्षा कुठे थांबायचे ठरवलेस, हा प्रश्न गृहस्थाला विचारला जातो, आणि तो दोन एकरवाल्यालाही विचारता येतो. किंबहुना त्याच्याच फायद्याचा आहे, कारण दुकानदाराच्या सांगण्यावरून मारलेल्या तिसऱ्या-चौथ्या फवाऱ्याचे पैसे त्याच्याच खिशातून जातात. हे फवारे आता वनस्पतिजन्य लेबल लावूनही विकले जातात. तेव्हा बुरशीचा विचार करणे आणि शेतकऱ्याचा विचार करणे ही दोन टोके नाहीत.

माझ्या युक्तिवादाची हद्द मात्र कृष्णाकाठच्या सोयाबीनवर स्पष्ट दिसते. तिथे ऑगस्ट-सप्टेंबरात तांबेरा येतो. ही बुरशी जिवंत पानावरच जगते, तिचे बीजाणू वाऱ्यावर येतात, आणि ज्वारीची ओळ वाऱ्याला अडवत नाही. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज संशोधन केंद्राने काढलेला फुले संगम हा वाण तांबेऱ्याला बऱ्यापैकी तोंड देतो. तो नसला, किंवा पाऊस लांबला, तर बुरशीनाशक मारल्यावाचून गत्यंतर उरत नाही. हेच दिवस चातुर्मासाचे. ओल्या जमिनीवर जीव फार, म्हणून मुनी विहार थांबवून एका गावी राहतात, आणि त्याच गावचा श्रावक त्याच ओल्या जमिनीत पंप घेऊन उतरतो. भाद्रपदात दशलक्षण पर्व येते आणि ते संपले की क्षमावणी, म्हणजे क्षमा मागण्याचा दिवस. प्रतिक्रमणात, म्हणजे दोषांच्या कबुलीच्या पाठात, एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतच्या सर्व जीवांची क्षमा मागितली जाते, म्हणजे आठवड्यापूर्वी ज्याच्यावर हेक्झाकोनॅझोल हे बुरशीनाशक मारले त्या तांबेऱ्याचीही. पुढच्या भाद्रपदात पुन्हा मारणार हे माहीत असताना मागितलेली ही क्षमा ढोंग आहे, असे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. मारण्यावाचून इलाज नव्हता म्हणून मारल्याचा हिशेब संपत नाही, बाकी उरते, हे या क्षमेत मान्य केलेले असते. ‘माझे औषध झाडाचे आहे, त्यात हिंसा नाही’ असे म्हणणाऱ्याकडे क्षमा मागण्यासारखे काही शिल्लकच राहत नाही. त्याने बाकी शून्य लिहून वही मिटलेली असते. ही क्षमा खरी की नुसती वार्षिक सवलत, हे कळायला मात्र आनंद श्रावकाची हद्द लागते, आणि ती भाद्रपदात नव्हे, जूनमध्ये पेरणीच्या वेळी घालावी लागते : कोणता वाण, किती जमीन सोयाबीनखाली, किती ज्वारी-तुरीला, आणि तांबेऱ्याचा पहिला ठिपका दिसण्याआधीच फवारायचे की शेत फिरून पाहिल्यावर.